ढोलीची झाडे राखा

मध्य प्रदेशाला आपल्या वाघांचा अभिमान आहे आणि तो रास्तच आहे. 2022 च्या गणनेत या राज्यात 785 वाघ नोंदले गेले. देशात हा आकडा सर्वांत मोठा. पण याच राज्याच्या दक्षिण कडेला, खंडवा, बुऱ्हाणपूर आणि बैतुलच्या सातपुड्यात, असा एक पक्षी राहतो ज्याची साऱ्या जगातली संख्या जवळपास एवढीच असावी. तो म्हणजे रानपिंगळा. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या अंदाजानुसार त्याचे प्रौढ पक्षी 250 ते 999 एवढेच उरले आहेत. भारताबाहेर तो कुठेही नाही. वाघाची गणना दर चार वर्षांनी होते, रानपिंगळ्याच्या वाट्याला अशी नेमाची शिरगणती अजून आलेली नाही.

या पक्ष्याची कहाणी अभ्यासकांना तोंडपाठ आहे, सामान्य वाचकाला मात्र फारशी ठाऊक नाही. पुढे काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेणाऱ्या ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांनी 1873 मध्ये त्याचे पहिले शास्त्रीय वर्णन केले. त्यानंतर खानदेशात, शहादा-तळोदा परिसरात, जेम्स डेव्हिडसन या अधिकाऱ्याने काही नमुने गोळा केले. 1884 नंतर तो कुणालाच दिसला नाही. मधल्या काळात ब्रिटिश पक्षी-संग्राहक रिचर्ड माइनर्ट्झहागेन यांनी आपल्याला तो 1914 मध्ये गुजरातेतील मांडवीजवळ मिळाल्याचा दावा केला. हा दावा खोटा होता. त्यांनी लंडनच्या संग्रहालयातून डेव्हिडसनचाच जुना नमुना उचलून त्यावर नवी चिठ्ठी लावली होती. या एका लबाडीमुळे शोध घेणारे भलत्याच ठिकाणी फिरत राहिले. सालिम अली आणि डिलन रिप्ले यांच्यासारख्या दिग्गजांनाही तो सापडला नाही. अखेर 25 नोव्हेंबर 1997 च्या सकाळी पक्षी-अभ्यासक पामेला रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट यांना तो शहाद्याजवळच्या जंगलात एका उघड्या फांदीवर बसलेला दिसला. तब्बल 113 वर्षांनी त्याचा ठावठिकाणा लागला.

पुढच्या दोन दशकांत भारतीय अभ्यासकांनी सातपुडा पिंजून काढला. तोरणमाळ, यावल आणि मेळघाटात तो आढळला. पुण्याच्या वन्यजीव अभ्यासकांना खंडवा, बुऱ्हाणपूर, बैतुलमध्ये तो मिळाला. 2014 मध्ये थेट ठाणे जिल्ह्यातील तानसा अभयारण्यात त्याची नोंद झाली, गुजरातेतील डांगच्या जंगलातही तो आहे हे कळले. म्हणून 2018 मध्ये त्याला ‘अतिसंकटग्रस्त’ वर्गातून काढून ‘संकटग्रस्त’ वर्गात ठेवण्यात आले. या बदलाचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. पक्षी वाढले म्हणून श्रेणी बदलली नाही. आपण जास्त ठिकाणी शोधले आणि तो जास्त ठिकाणी सापडला, म्हणून ती बदलली. जंगलाची स्थिती सुधारली असा दाखला त्यातून कुणी घेऊ नये.

त्याच्या अडचणीचे मूळ त्याच्या राहणीत आहे. इतर बहुतेक घुबडे रात्री बाहेर पडतात, रानपिंगळा दिवसा शिकार करतो. विरळ सागवानी जंगल त्याला मानवते. थंडीच्या सकाळी निष्पर्ण सागाच्या शेंड्यावर तो ऊन खात बसतो, शेपटी डावी-उजवीकडे झटकतो आणि खाली पाचोळ्यात सरड्याची किंवा उंदराची हालचाल दिसली की सरळ झेप घेतो. डोक्यावर ठिपके जवळजवळ नाहीत, पंखांवर आणि शेपटीवर रुंद गडद पट्टे, पोट पांढरे, पाय जाडजूड. जेमतेम 23 सेंटिमीटर लांबीचा हा जीव. ऑक्टोबरपासून मेपर्यंत त्याची वीण चालते आणि अंडी घालायला त्याला झाडाची ढोलीच लागते. ढोली काही एका पावसाळ्यात तयार होत नाही. फांदी मोडावी, तिथे पाणी मुरावे, बुरशीने लाकूड पोखरावे, सुतारपक्ष्याने चोच चालवावी. यात कित्येक वर्षे जातात. त्यातून तयार झालेल्या ढोलीवर पोपट आणि साळुंक्याही हक्क सांगतात.

नेमके हेच झाड आपल्या वनव्यवस्थेत सर्वांत आधी जाते. वनखात्याच्या कार्यआयोजनेनुसार कूपात, म्हणजे तोडीसाठी आखलेल्या पट्ट्यात, मार्किंगचा हातोडा घेऊन माणसे फिरतात तेव्हा वाळलेले, वाकडे, पोकळ झाड निकामी ठरते आणि सरळसोट साग राखला जातो. लाकडाच्या हिशेबाने हे बरोबर असेल, पण ढोली शोधणाऱ्या पक्ष्याच्या दृष्टीने ते घर पाडणेच आहे. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत रानपिंगळ्याला स्थान आहे. त्याला मारणे, पकडणे, त्याची अंडी उचलणे हा गुन्हा आहे. पण त्याचे झाड कूपात उभे असेल तर त्याला हे कवच नाही.

धोके आणखीही आहेत. मोहाच्या दिवसांत फुले वेचणे सोपे जावे म्हणून पाचोळा जाळला जातो आणि आग रानभर पसरते, नेमकी पिल्ले घरट्यात असताना. घुबड अशुभ ही समजूत अजून जिवंत आहे आणि जादूटोण्यापायी त्याचा बळीही जातो. शिवाय शेतीसाठी जंगल तोडणे चालूच आहे. बुऱ्हाणपूर जिल्ह्यात नेपानगरजवळच्या घाघरला भागात 2022-23 मध्ये मोठी वृक्षतोड झाली आणि तिच्याविरुद्ध सर्वांत आधी स्थानिक आदिवासी गावकरीच रस्त्यावर उतरले. वनहक्काचा न्याय्य दावा आणि संघटित लाकूडतोड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे त्या गावकऱ्यांनी दाखवून दिले. जंगल वाचवायचे तर त्यांच्याशी हातमिळवणी करावी लागेल.

आता त्यात तापीचा विषय आला आहे. 10 मे 2025 रोजी भोपाळमध्ये मध्य प्रदेश आणि महाराष्ट्राने तापी खोरे महापुनर्भरण प्रकल्पाचा करार केला. 31.13 टीएमसी पाणी, खंडवा जिल्ह्यातील खालवा तालुका आणि अमरावती जिल्ह्याच्या सीमेवर बंधारा, दोन्ही तीरांवर कालवे आणि 3,362 हेक्टर जमीन, अशी ही योजना. बुऱ्हाणपूर आणि जळगावच्या केळीपट्ट्यात भूजल किती खोल गेले आहे हे शेतकऱ्याला विचारा. या पाण्याची गरज खरी आहे. आमचा प्रकल्पाला विरोध नाही. मात्र याच खालव्याच्या जंगलात रानपिंगळा आहे. कालव्याची रेघ नकाशावर पक्की होण्याआधी, विणीच्या हंगामात, त्या पट्ट्यातील ढोल्यांची पाहणी झालीच पाहिजे. वनमंजुरी मिळाल्यावर केलेली पाहणी केवळ फाइलीत लावायला उपयोगी पडते.

भोपाळच्या टी. टी. नगरमधील जवाहर चौकात राहणाऱ्या वाचकाला खालवा लांबचे वाटेल. पण झाडे कशी वाचतात आणि कशी जातात हे या चौकाइतके कुणी जवळून पाहिलेले नाही. 2016 मध्ये स्मार्ट सिटीसाठी आधी शिवाजीनगर-तुळशीनगर ठरले होते. तिथल्या झाडांसाठी नागरिकांनी आवाज उठवला आणि प्रकल्प टी. टी. नगरला हलला. तिथे 342 एकरांवर जुने सरकारी क्वार्टर पाडले गेले आणि त्यांच्या अंगणातली झाडेही गेली. 2024 च्या जूनमध्ये पुन्हा एका सरकारी प्रस्तावामुळे तुळशीनगर-शिवाजीनगरमधील सुमारे 29,000 झाडांवर गदा आली, पुन्हा भोपाळकर उभे राहिले आणि सरकारने तो प्रस्ताव मागे घेतला. ज्या झाडाच्या बाजूने कुणी बोलते ते टिकते. खालव्याच्या किंवा बुऱ्हाणपूर जिल्ह्यातील खकनारच्या जंगलातल्या ढोलीच्या बाजूने बोलणारे राजधानीत कुणी नाही. तिथले निर्णय मात्र याच शहरात होतात.

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. व्याघ्रप्रकल्पाबाहेरच्या जंगलातही, प्रत्येक कूपात ढोलीची आणि वाळलेली झाडे ठरावीक संख्येने राखण्याचा नियम कार्यआयोजनेत लिहावा. मध्य प्रदेश आणि महाराष्ट्राच्या वनखात्यांनी मेळघाटापासून खंडव्यापर्यंत एकत्र गणना करावी. पक्ष्याला राज्याची सीमा कळत नाही, तर कागदावर ती का आड यावी? कोरकू आणि भिल्ल गावांतील तरुणांना या गणनेत आणि आग रोखण्याच्या कामात मजुरीसह सामील करावे. आणि तापी प्रकल्पाच्या मंजुरीला रानपिंगळ्याची पाहणी ही पूर्वअट असावी. पाण्यासाठी दोन राज्ये एका टेबलाशी बसू शकली. आता सातपुड्यासाठीही त्यांनी बसावे, आणि ज्या भोपाळकरांनी तुळशीनगरची झाडे राखली त्यांनी ही मागणी आपल्या आमदार-खासदारांपर्यंत पोहोचवावी.