आपल्याच लेखनाविषयीं बोलतांना

गेल्या चातुर्मासांत मजकडून एक प्रमाद घडला. मेघदूताचें समवृत्त भाषांतर करावें असें फार दिवस मनांत होतें. कृष्णशास्त्री चिपळूणकरांपासून शांताबाई शेळक्यांपर्यंत अनेकांनीं मेघदूत मराठींत आणलें असतांही हौस फिटत नव्हती. पूर्वमेघाचे २२ श्लोक कसेबसे उतरले. आमच्या घरीं दर एकादशीस चार मंडळी जमतात. त्यांच्यापुढें मी ही गोष्ट बोलून बसलों. मंडळींनीं वाहवा केली, थोरल्या सूनबाईंनीं दोनदां चहा आणला, आणि त्या दिवसापासून तेविसावा श्लोक कांहीं झाला नाहीं.

काम पुरें झाल्यावर मिळावयाचें श्रेय मी आगाऊच खाऊन बसलों होतों. मंदाक्रांतेचीं १७ अक्षरें चार, सहा व सात अशा यतींवर बसवितांना जीव मेटाकुटीस येतो. संस्कृतांत जें एका समासांत मावतें तें मराठींत प्रत्ययांसह उलगडावें लागतें, आणि अक्षरें पुरत नाहींत. त्यापेक्षां त्या मेटाकुटीचें वर्णन करणें फार सोपें व गोड. (हें पहा, पुनः वर्णनच चाललें!)

बरें, पूर्वसूरींनीं तरी मौन कोठें पाळलें? रघुवंशाच्या आरंभीं कालिदास स्वतःस उंच फळाकडे हात पसरणारा खुजा म्हणवितो, आणि तोच मालविकाग्निमित्राच्या प्रस्तावनेंत जुनें तेवढें सारें चांगलें असें नव्हे, असें बजावतो. भवभूति मालतीमाधवांत आपल्या समानधर्म्यासाठीं अनंत काळाचा हवाला देतो. जगन्नाथ पंडितांनीं रसगंगाधरांत उदाहरणें स्वतःचींच घातलीं व तसें सांगण्यास ते मुळींच लाजले नाहींत. पण यांचें बोलणें ग्रंथाच्या हातांत हात घालून आलें. माझें बोलणें एकटेंच पुढें धांवलें. रसगंगाधर अपुरा राहिला हें खरें, परंतु त्याचा संबंध मी येथें जोडीत नाहीं.

मला भीति वेगळीच आहे. आमचे तीर्थरूप गीतेवर टीका लिहीत आहेत, हें साऱ्या आळीस ठाऊक होतें. येणाऱ्याजाणाऱ्यास ते तिचा आराखडा सांगत, आणि आम्ही मुलें अभिमानानें ऐकत असूं. ते गेल्यावर पेटींतून १५ पानें निघालीं.

परवां पेटी पुसतांना घरांतून तीं पानें माझ्या मेजावर आणून ठेवण्यांत आलीं. शब्द मात्र एकही उच्चारला गेला नाहीं. एकादशी चार दिवसांवर आली आहे. मंडळी विचारतीलच. ‘चाललें आहे’ म्हणावें, कीं बाविसावर अडलों म्हणावें, हें अद्याप ठरत नाहीं.