खांबावर चढण्याआधीची वीस मिनिटं

मित्रांनो, जरा लांब लिहितोय, पण वाचा. आपल्या सगळ्यांच्या घरातल्या लाईटचा विषय आहे.

मृगाच्या वादळात आमच्या घाटाखालच्या गावाची लाईट संध्याकाळीच गेली. रात्री नऊपर्यंत मी वायरमनला सहा वेळा फोन लावला. सहाव्यांदा त्याने उचलला आणि म्हणाला, "भाऊ, परमिट भेटलं नाई अजून. दुसऱ्या फीडरची तार इथूनच वरून जाते. ते बंद झाल्याशिवाय मी चढत नाई." मी काय बोललो असेन? "रोजचंच काम हाय तुझं, नाटकं कायले करतं?" वरून साहेबाकडे तक्रार करतो म्हणून दमही दिला. वीस मिनिटांनी लाईट आली. आठ दिवसांनी तोच माणूस चहाच्या टपरीवर भेटला. रागावला नव्हता. त्याने परमिट म्हणजे काय ते मला शांतपणे समजावून सांगितलं, आणि मला खरंच लाज वाटली. म्हणून ही पोस्ट.

खांबावर चढायचं तर आधी उपकेंद्रातल्या ऑपरेटरकडून 11 केव्हीचा फीडर बंद करून घ्यायचा, नोंद करून परमिट घ्यायचं. मग जागेवरचा एबी स्विच उघडायचा, टेस्टरने तपासायचं, डिस्चार्ज रॉड लावून तारा जमिनीशी जोडायच्या. मी विचारलं, फीडर बंद केल्यावर रॉड कायले? तर बंद तारेतही करंट येऊ शकतो. गावात कोणी जनरेटर किंवा इन्व्हर्टर चुकीचा जोडलेला असतो. त्याचा करंट डीपीतून उलटा फिरतो आणि घरातला 230 व्होल्ट वरच्या तारेत 11 हजार होऊन बसतो. कुठे एकाच ठिकाणी दोन फीडर एकमेकांना ओलांडतात. बंद केला एक, हात लागला दुसऱ्याला. काम संपल्यावर रॉड काढायचा, सगळी माणसं खाली उतरली का ते पाहायचं, मगच परमिट परत करायचं. यातली एखादी पायरी गाळली तर बहुतेक वेळा काहीच होत नाही. खरी पंचाईत तिथेच आहे. काही न झाल्याने सवय पडते.

आणि ती सवय पाडणारे आपणच आहोत. फोन मी करतो, सरपंच करतो, हरभऱ्याला पाणी द्यायला रात्री उठलेला शेतकरी करतो. साहेबालाही वरून फोन असतात. वायरमनच्या डोक्यावर वसुलीही असते. परमिटसाठी थांबलेला माणूस सगळ्यांना कामचुकार दिसतो आणि न थांबता चढणारा हुशार.

अपघात झाला की मात्र चित्र ठरलेलं. व्यवस्थापन म्हणतं, नियम पाळले नाहीत, साधनं वापरली नाहीत. संघटना निवेदन देते, कुटुंबाला मदत द्या, वारसाला नोकरी द्या. दोघंही आपापल्या जागी चूक नाहीत. वीज कायदा 2003 च्या कलम 161 प्रमाणे विद्युत निरीक्षकाकडून चौकशीही होऊ शकते. पण हे सगळं माणूस गेल्यावर. जो थोडक्यात वाचला, त्याची गोष्ट तो कोणाला सांगणार? सांगितली तर पहिला प्रश्न येईल, परमिट घेतलं होतं का? नसेल तर मेमो. म्हणून तो गप्प बसतो, आणि त्याच खांबावर पुढच्या महिन्यात दुसरा चढतो.

माझं म्हणणं एवढंच आहे: प्रत्येक उपविभागात महिन्यातून एकदा अभियंते आणि संघटनेचे प्रतिनिधी फक्त सुरक्षेसाठी एकत्र बसावेत, आणि थोडक्यात वाचलेल्या प्रसंगांची वही ठेवावी. त्या वहीत लिहिणाऱ्याला मेमो नाही, ही अट दोघांनी सही करून मान्य करावी.

हे हवेतलं नाही. आपल्याच विदर्भात वणी-चंद्रपूरकडे वेकोलिच्या सरकारी कोळसा खाणी आहेत. खाण नियमांत कामगार निरीक्षकाची तरतूद आहे. मोठ्या खाणीत युनियनशी सल्लामसलत करून कामगारांतूनच अनुभवी माणूस नेमायचा. तो फिरतो, धोका दिसला तर वहीत लिहितो, आणि त्यावर काय केलं याचीही नोंद होते. शिवाय सुरक्षा समितीची तीस दिवसांत एकदा तरी बैठक. खाणीत अपघात होतच नाहीत असं नाही, होतात. पण तिथे "आम्हाला कोणी सांगितलंच नव्हतं" हे म्हणायला जागा कमी राहते.

21 नोव्हेंबर 2025 पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या. त्यांतल्या बऱ्याच तरतुदींवर संघटनांचा राग आहे, माझाही काहींवर आहे. पण सुरक्षेच्या संहितेतलं कलम 22 वाचा. शासन आदेश काढून कोणत्याही आस्थापनेला सुरक्षा समिती नेमायला लावू शकतं, आणि तिच्यात कामगारांचे प्रतिनिधी मालकाच्या प्रतिनिधींपेक्षा कमी असता कामा नयेत. वीज वितरणासाठी असा आदेश मागायला काय हरकत आहे?

संघटनेतल्या एका मित्राने लगेच अडवलं. "समितीत बसलो की उद्या अपघात झाल्यावर म्हणतील, तुमचाही माणूस होता की." त्याची भीती खरी आहे. समिती म्हणजे व्यवस्थापनाची ढाल होऊ शकते, फोटो काढण्यापुरती उरू शकते. 4 मार्चला लाईनमन दिवस असतो, फुलं, शपथ, फोटो सगळं होतं, आणि 5 मार्चला हातमोजे तेच. म्हणूनच मी वहीचा आग्रह धरतो. बैठकीत "फाटके मोजे बदला" असं तारखेसह लिहिलं आणि ते बदलले गेले नाहीत, तर ती वही संघटनेच्याच कामाची आहे.

कंत्राटी पोरांचं काय, हा सगळ्यात अवघड भाग. खांबावर कायम आणि कंत्राटी शेजारी-शेजारी असतात, करंट दोघांना सारखाच. पण ते ठेकेदाराचे, म्हणून बैठकीत नाहीत, असं चालणार नाही. त्यांना खुर्ची मिळावी म्हणून कायम कामगारांच्या संघटनांनीच भांडावं. 4 जानेवारी 2023 ला समांतर वीज परवान्याच्या विरोधात तीस संघटना एकत्र आल्या आणि त्याच दिवशी सरकारला चर्चेला बसावं लागलं. ताकद आहे. तिचा थोडा भाग झुला, मोजे आणि परमिटसाठी लागावा.

मी या आठवड्यात कार्यकारी अभियंत्यांना आणि संघटनेच्या पदाधिकाऱ्यांना एकच निवेदन देणार आहे, दोघांना एकच कागद. सोबत यायचं असेल त्यांनी कमेंटमध्ये नाव टाका.

आणि लाईट गेली तर 1912 वर तक्रार नोंदवा. वायरमनला एकदा सांगून झालं असेल तर परत फोन करू नका. तो वर असेल आणि खिशात फोन वाजत असेल.