माल्टाचा मजूर, इराणचा इंजिनिअर : परक्या मुलुखात प्रगती कशावर ठरते?

'मुसलमान मागे का?' हा प्रश्न आम्हा शिक्षकांना वर्गात, शिक्षकांच्या खोलीत आणि लग्नाच्या मंडपातसुद्धा ऐकावा लागतो. विचारणाऱ्याकडे बहुतेक वेळा उत्तर तयारच असतं. कुणी म्हणतं धर्म आड येतो, कुणी म्हणतं यांना शिकायचंच नसतं. आपल्यातलेही काहीजण मान खाली घालून 'आपलीच चूक' म्हणतात, तर काहीजण सगळा दोष सरकारवर टाकून मोकळे होतात. हे सगळं ऐकून आम्हाला वाटलं, एकदा आपल्या गल्लीबाहेरचं उदाहरण घेऊन हिशोब मांडून पाहावा. ज्याच्यात आपलं नातं नाही, राग नाही, अशा दोन समाजांची तुलना करून पाहावी.

त्यासाठी देश घेतला ऑस्ट्रेलिया. समाज दोन. एक, युरोपातल्या माल्टा या चिमुकल्या बेटावरून आलेले कॅथलिक ख्रिस्ती लोक. दुसरा, इराणमधून आलेले लोक. ठरीव विचार सांगतो की युरोपातला ख्रिस्ती समाज शिकलेला आणि पुढारलेला असणार, मुस्लिम देशातून आलेला मागासलेला असणार. प्रत्यक्षात काय दिसतं?

माल्टा : 'अल्ला' म्हणणारे ख्रिस्ती

आधी माल्टाची थोडी ओळख. भूमध्य समुद्रातलं हे बेट. इसवी सन ८७० पासून सुमारे दोनशे वर्षं तिथे अरबांची सत्ता होती. पुढे राज्यं बदलली, धर्म कॅथलिक झाला, पण जबान अरबी मुळाचीच राहिली. लिपी मात्र रोमन. आजही माल्टाचा ख्रिस्ती माणूस देवाला 'अल्ला' म्हणतो आणि ईस्टरच्या आधीच्या उपवासाच्या दिवसांना 'रान्दान' म्हणतो. भाषा एका धर्माची मालमत्ता नसते, हे उर्दू-मराठी दोन्ही बोलणाऱ्या आपल्या घरांना वेगळं सांगायला नको.

बेट इंग्रजांच्या ताब्यात होतं. त्यामुळे माल्टाचा माणूस कागदोपत्री ब्रिटिश प्रजाजन. तरीही ऑस्ट्रेलियाने त्याला सुरुवातीला दारात उभं केलं नाही. १९०१ च्या कायद्याने तिथे एक 'श्रुतलेखन परीक्षा' आणली होती. नको असलेल्या माणसाला कुठल्याही युरोपीय भाषेत उतारा लिहायला सांगायचा, आणि नापास झाला की परत पाठवायचा. १९१६ मध्ये 'गांज' नावाच्या जहाजातून दोनशेहून अधिक माल्टी मजूर आले. त्यांची परीक्षा चक्क डच भाषेत घेतली गेली. सगळे नापास! त्यांना न्यू कॅलेडोनियाला नेऊन ठेवलं, आणि बऱ्याच महिन्यांनंतर कुठे ऑस्ट्रेलियात उतरू दिलं. आम्ही आयुष्यभर मुलांकडून श्रुतलेखन करून घेत आलो, पण माणसाला हाकलण्यासाठी श्रुतलेखन वापरलं गेलं हे वाचून काळजात काहीतरी हललं.

दुसऱ्या महायुद्धानंतर चित्र पालटलं. ऑस्ट्रेलियाला कारखान्यांसाठी हात हवे होते. माल्टात बॉम्बहल्ल्यांनी घरं पडली होती आणि पुढे नौदलाच्या गोदीतलं कामही आटत गेलं. १९४८ मध्ये दोन्ही सरकारांत करार झाला आणि प्रवासखर्चाला मदत मिळू लागली. १९४७ मध्ये ऑस्ट्रेलियात माल्टात जन्मलेले जेमतेम ३ हजार होते. १९८१ पर्यंत ते सुमारे ५७ हजार झाले.

हे लोक कोण होते? शेतकरी, गोदी कामगार, मजूर. बहुतेकांची शाळा लवकर सुटलेली. मेलबर्नच्या पश्चिमेला सनशाइन, सेंट अल्बन्स या भागांत आणि सिडनीच्या पश्चिमेला पेंडल हिल, ग्रेस्टेन्स परिसरात ते वसले. कुणी कारखान्यात लागलं, कुणी भाजीचे मळे नाहीतर कोंबड्या सांभाळल्या. पदवी नव्हती, पण पगार कायम होता, युनियन होती आणि जमीन स्वस्त होती. त्यांनी सर्वात आधी एकच गोष्ट केली : घर बांधलं. आजही स्वतःचं घर असण्याच्या बाबतीत हा समाज तिथे वरच्या रांगेत आहे.

इराण : पदवी हातात, दार बंद

इराणी लोकांची गोष्ट उलटी. १९७९ च्या क्रांतीच्या आधी ऑस्ट्रेलियात इराणी फार थोडे होते. क्रांतीनंतर आणि १९८० ते १९८८ च्या इराण-इराक युद्धात लोक बाहेर पडले. त्यात छळ सोसलेले बहाई होते, राजकीय विरोधक होते, युद्धाला कंटाळलेली साधी कुटुंबं होती. त्यानंतर आले ते कौशल्याच्या व्हिसावर : इंजिनिअर, डॉक्टर, संगणकवाले, पीएच.डी. करायला आलेले विद्यार्थी. २००६ मध्ये इराणमध्ये जन्मलेले सुमारे २२ हजार लोक ऑस्ट्रेलियात होते. २०२१ च्या जनगणनेत ते सुमारे ७१ हजार झाले.

शिक्षणात हा समाज ऑस्ट्रेलियाच्या सरासरीच्या पुढे आहे, आणि माल्टात जन्मलेल्या पिढीच्या तर कितीतरी पुढे. बायकाही मागे नाहीत, कारण इराणमध्ये मुली मोठ्या संख्येने विद्यापीठात जातात. म्हणजे 'मुस्लिम देशातून आले म्हणून अडाणी' हा समज इथेच कोसळतो.

पण थांबा. 'बघा, आपले लोक पुढे!' म्हणून टाळ्या वाजवायची घाई करू नका. एक तर ऑस्ट्रेलियातले सगळे इराणी मुसलमान नाहीत. त्यांच्यात बहाई आहेत, ख्रिस्ती आहेत, आणि कुठलाच धर्म न लिहिणारेही खूप आहेत. दुसरं असं की शिक्षण जास्त असूनही नोकरीच्या बाबतीत ते अडखळतात. जनगणनेत त्यांच्यातली बेरोजगारी देशाच्या सरासरीपेक्षा जास्त दिसत आली आहे. तेहरानमधला डॉक्टर इथे परवान्याच्या परीक्षा देईपर्यंत वर्षं जातात. इंजिनिअरला विचारतात, 'इथला अनुभव आहे का?' अनुभव नाही म्हणून नोकरी नाही, आणि नोकरी नाही म्हणून अनुभव नाही. मग तो टॅक्सी चालवतो.

बोटीतून आलेले

इराण्यांचा तिसरा गट सर्वात जखमी. २०१३ च्या आसपास इंडोनेशियाहून बोटीने जे आश्रय मागायला आले, त्यांच्यात इराणी बरेच होते. ऑगस्ट २०१२ नंतर आलेल्या अनेकांना तात्पुरत्या व्हिसावर बाहेर सोडलं, पण काम करायला बंदी घातली. १९ जुलै २०१३ ला सरकारने जाहीर केलं की यापुढे बोटीने येणाऱ्याला ऑस्ट्रेलियात वसताच येणार नाही. त्यांना मानुस आणि नाउरू बेटांवर ठेवलं गेलं. फेब्रुवारी २०१४ मध्ये मानुसच्या छावणीत झालेल्या हिंसाचारात रझा बराती हा इराणी तरुण मारला गेला. त्याच छावणीत बंद असलेल्या बेहरुज बुचानी या कुर्द इराणी पत्रकाराने मोबाईलवर संदेश पाठवत पाठवत पुस्तक लिहिलं, आणि २०१९ मध्ये त्या पुस्तकाला ऑस्ट्रेलियातलाच मोठा साहित्य पुरस्कार मिळाला. लेखक मात्र बक्षीस घ्यायला त्या देशात पाऊल ठेवू शकला नाही.

जे तात्पुरत्या व्हिसावर देशात होते, अशा वेगवेगळ्या देशांच्या सुमारे १९ हजार लोकांना कायम राहण्याचा मार्ग २०२३ मध्ये खुला झाला. तोवर दहा-दहा वर्षं गेली होती. ज्या माणसाला पुढच्या वर्षी आपण इथे असू की नाही हेच माहीत नाही, तो घरासाठी कर्ज कसं काढणार? धंदा कसा उभारणार? आता अशा माणसाला आणि विमानाने आलेल्या इंजिनिअरला एकाच 'इराणी' रकान्यात टाकून सरासरी काढली, तर ती दोघांपैकी कुणाचीच गोष्ट सांगत नाही.

सरासरीचा धोका

आठवीच्या मुलांना आम्ही सरासरी शिकवतो तेव्हा एक गोष्ट नेहमी सांगतो : कुणाची सरासरी काढली ते आधी विचारा. माल्टात जन्मलेल्यांचं उत्पन्न कागदावर कमी दिसतं. आळशी आहेत का ते? नाही. त्यांचं वय सत्तरीच्या आसपास आहे. बरेचसे पेन्शनवर आहेत. २०२१ मध्ये त्यांची संख्या सुमारे ३५ हजारांवर आली होती, कारण नवे फारसे येत नाहीत आणि जुने जग सोडून चाललेत. इराणी लोक मात्र कमावत्या वयाचे. म्हाताऱ्याच्या पेन्शनची तरुणाच्या पगाराशी तुलना करून 'हा समाज पुढे, तो मागे' म्हणणं म्हणजे आजोबा आणि नातवाची धावण्याची शर्यत लावणं.

खरी तुलना मुलांची हवी. स्वतःचं मूळ माल्टी सांगणारे ऑस्ट्रेलियात जवळपास २ लाख आहेत. त्यांची मुलं बापापेक्षा पुढे गेली. सिडनीचा जेफ फेनेक हा बॉक्सिंगचा विश्वविजेता याच समाजातला. पण अभ्यासकांच्या एक गोष्ट ध्यानात आली. त्याच काळात, तशाच कारखान्यांत काम करणाऱ्या ग्रीक मजुरांची मुलं विद्यापीठात जास्त संख्येने पोहोचली, माल्टी मुलं कमी. पुष्कळ माल्टी मुलं शाळा सोडून बापासारखीच लवकर हुन्नर शिकून कामाला लागली. त्या वेळी ते चाललंही, कारण कारखाने भरपूर होते. पण २०१७ मध्ये मेलबर्नच्या पश्चिमेचा टोयोटाचा कारखाना बंद झाला, आणि त्याच वर्षी ऑस्ट्रेलियातलं मोटारी बनवण्याचं युगच संपलं. ज्या शिडीने बाप वर चढला, ती शिडी नातवासाठी उरली नाही.

मग ठरतं कशावर?

आमच्या समजुतीप्रमाणे तीन गोष्टींवर. पहिली, माणूस घरून काय घेऊन निघाला : पदवी, पैसा की फक्त दोन हात. दुसरी, दारावर त्याला कसं घेतलं गेलं. माल्टी मजुराला १९४८ नंतर करार, कायम वास्तव्य आणि नोकरी मिळाली, म्हणून कमी शिक्षणावरही त्याचं घर उभं राहिलं. बोटीतल्या इराण्याला हे काहीच मिळालं नाही, म्हणून शिक्षण असूनही तो अडकला. तिसरी, त्या वेळी बाजारात कशाला मागणी होती. या तिन्हींत धर्माचा रकाना कुठेच येत नाही. मात्र १९१६ च्या डच परीक्षेसारखा भेदभाव दुसऱ्या गोष्टीत येतो, आणि तो नाकारण्यात अर्थ नाही.

आता आपल्या कोकणाकडे पाहू. रत्नागिरी, रायगडमधल्या किती घरांतले पुरुष आखातात आहेत! मेहनतीत ते माल्टी मजुरापेक्षा तसूभरही कमी नाहीत. फरक दाराचा आहे. आखातात नागरिकत्व मिळत नाही. व्हिसा संपला की माणूस परत. माल्टी मजुराचं घर मेलबर्नमध्ये उभं राहिलं आणि मुलं तिथल्या शाळेत गेली. आपल्या माणसाचं घर गावात उभं राहतं, अनेकदा कुलूपबंद, आणि मुलं बापाला फोनवर ओळखत मोठी होतात. म्हणून आखातातून आलेला पैसा सगळा भिंतींत आणि फरशीत घालू नका, मुलांच्या तालीमवर लावा. दहावीनंतर 'व्हिसा येईल तेव्हा बघू' म्हणून मुलगा दोन वर्षं घरी बसवणं परवडणारं नाही.

आणि ज्यांना मुलांना बाहेर पाठवायचंच आहे, त्यांनी इराणी डॉक्टरकडून धडा घ्यावा. आपली पदवी तिथे चालते का, परवान्यासाठी कुठली परीक्षा लागते, भाषेचे किती गुण लागतात, हे तिकीट काढण्याआधी विचारावं. एजंट सांगतो त्यावर जाऊ नये.

२००६ च्या सच्चर समितीने आपल्या देशातल्या मुसलमानांच्या हालतीचा आरसा दाखवला. तो आरसा पाहताना हाच हिशोब लावायला हवा : घरून काय मिळालं, दारावर काय झालं, बाजारात काय होतं. दाराबद्दल सरकारला जाब विचारणं हा आपला हक्क आहे. घरून मुलाच्या हातात काय द्यायचं, हे मात्र आपल्या हातात आहे. त्यासाठी कुणाच्या व्हिसाची वाट पाहावी लागत नाही.

तेव्हा पुढच्या वेळी कुणी 'मुसलमान मागे का?' असं विचारलं, तर रागावू नका आणि मानही खाली घालू नका. त्याला एवढंच विचारा, 'कुठले मुसलमान, कुठल्या काळातले, आणि कुठल्या दारातून आलेले?' बोलणं तिथून सुरू झालं तर काहीतरी हाती लागेल. अल्लाह आपल्या मुलांना इल्म देवो, आणि आपल्याला ते मिळवून देण्याची तौफिक.