फी भरण्याआधी जाहिरात वाचा

गेल्या रविवारी आमच्या वस्तीतल्या एक ताई विहाराच्या ओट्यावर भेटल्या. जयभीम झाला आणि त्यांनी पिशवीतून एक रंगीत माहितीपत्रक काढलं. ‘गुन्हेगारीशास्त्र व पोलीस प्रशासन पदविका, मुदत एक वर्ष.’ फी साठ हजार, तीन हप्त्यांत. मुलगा बारावी झालेला, त्याला पोलीस व्हायचंय. ताई धुणीभांडी करतात, यजमान वॉचमन. पहिल्या हप्त्यासाठी कानातले गहाण टाकायचं घरात ठरलंही होतं. “दादा, तुम्ही कचेरीत असता, एकदा नजर घाला,” म्हणाल्या.

मी पत्रक दोनदा वाचलं. या पदविकेमुळे पोलिसात नोकरी लागते, असं त्यात कुठंच लिहिलेलं नव्हतं. फक्त खाकी वर्दीतल्या तरुणाचा फोटो होता. फोटोवर कुणी दावा लावत नाही, हे छापणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं!

वाचकहो, महाराष्ट्रात पोलीस शिपाई व्हायला शिक्षण लागतं बारावी. वय १८ ते २८, मागासवर्गीयांना ३३ पर्यंत. ग्राउंडचे ५० गुण, लेखीचे १००. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर. शिवाय दोघांना १०० मीटर धावणं आणि गोळाफेक. लेखीत गणित, बुद्धिमत्ता, सामान्य ज्ञान, मराठी व्याकरण. या सगळ्यात पदविकेला एकही गुण नाही. साठ हजार गेले आणि त्या वर्षात पोरगा धावलाच नाही, तर तोटा दुहेरी.

“मग फौजदारकीला तरी चालेल ना?” ताईंनी विचारलं. नाही. तिथं पदवी लागते आणि राज्य लोकसेवा आयोगाची परीक्षा. पदवी कुठल्याही शाखेची चालते, मुक्त विद्यापीठाचीसुद्धा. म्हणजे पोरानं नोकरी करत बी. ए. केलं तर ते कामाचं. ही पदविका नाही.

कोर्टकचेरीकडे ओढा असेल तर सरळ वकिली शिकावी. बारावीनंतर पाच वर्षं, पदवीनंतर तीन. मान्यताप्राप्त कॉलेजात अनुसूचित जातीच्या मुलाला शिष्यवृत्ती मिळते. घरचं उत्पन्न अडीच लाखांच्या वर असलं तर फ्रीशिपचा अर्ज करावा. सनदेसाठी पूर्वी बार कौन्सिल हजारो रुपये घेत असत. सर्वोच्च न्यायालयानं जुलै २०२४ मध्ये सांगितलं की कायद्यात आहे तेवढीच फी घ्या : इतरांना ७५०, अनुसूचित जाती-जमातींना १२५ रुपये. मात्र खरा खर्च पुढं आहे. सनद मिळाल्यावर सीनियरच्या हाताखाली पहिली काही वर्षं बसभाडं सुटलं तरी पुष्कळ. न्यायाधीशाच्या परीक्षेलाही मे २०२५ च्या निकालानं तीन वर्षांची वकिली पुन्हा सक्तीची झाली. तेवढी वर्षं घर कोण चालवणार, हे आधी बसून ठरवावं. माझ्या ओळखीतल्या दोघांनी सनद घेऊन शेवटी कारकुनी धरली. हुशारी कमी नव्हती, घरात दुसरी कमाई नव्हती.

ताईंच्या मुलाला मी दोन कामं सांगितली. जातीचा दाखला काढायचा, आणि केंद्राच्या नमुन्यातलाही. राखीव पोलीस दलाचा फॉर्म भरताना तो लागतो. १९९० पासून केंद्रातही बौद्धांना अनुसूचित जातीची सवलत आहे, पण दाखला त्या नमुन्यात नसला की अर्ज अडकतो. दुसरं, पहाटे मैदान.

परवा ताई पुन्हा भेटल्या. कानातले कानातच होते. पोराला धावायचे बूट घेतले म्हणाल्या, नि दाखल्याला वडिलांचा कुठला कागद लागतो ते लिहून घेऊन गेल्या.