उतार आणि पायरी

कात्रजच्या तलावाचे पाणी एके काळी थेट शनिवारवाड्यापर्यंत जात असे. नानासाहेब पेशव्यांच्या कारकिर्दीत, अठराव्या शतकाच्या मध्यास, त्यासाठी जमिनीखालून नळ बांधण्यात आला. पाणी ओढणारे यंत्र तेव्हा नव्हते. बांधणाऱ्यांनी वाटेला बेताचा उतार दिला आणि पाणी आपल्याच बळाने शहरातील हौदांपर्यंत पोहोचले. त्याच कात्रजहून आज कितीतरी मुलेमुली शाळा संपवून महाविद्यालयात जातात. त्यांच्यापैकी जी दिव्यांग आहेत, त्यांच्या वाटेत मात्र उताराऐवजी पुष्कळदा पायऱ्याच येतात. आणि सगळ्याच पायऱ्या दगडाच्या नसतात.

कात्रजच्या एखाद्या शाळेत मंद दृष्टीची एक मुलगी शिकत आहे, अशी कल्पना करावी. तिची जागा पहिल्या बाकावर, हे साऱ्या वर्गाला ठाऊक असते. गुरुजी फळ्यावर लिहिता लिहिता तेच मोठ्याने वाचतात. जिना आला की मैत्रीण न सांगता हात पुढे करते. यासाठी कोणी अर्ज केलेला नसतो. वर्षानुवर्षांच्या सहवासाने ते आपोआप घडते. पुढे ती महाविद्यालयात जाते. तेथे तासागणिक खोली बदलते, वर्गात शंभरावर विद्यार्थी असतात आणि प्राध्यापकांना तिचे नावही ठाऊक नसते. जी गोष्ट तिला आजवर कधी बोलून दाखवावी लागली नाही, ती आता खिडकीपाशी उभे राहून, मागची रांग ऐकत असताना, अनोळखी कारकुनाला सांगावी लागते. संकोची मूल अशा वेळी गप्प बसते, आणि तिची काही अडचणच नाही, असा त्या मौनाचा अर्थ लावला जातो.

वास्तविक कायदा तिच्या बाजूचा आहे. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात अपंगत्वाचे २१ प्रकार मानले आहेत. शासकीय व अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत किमान ५ टक्के जागा किमान ४० टक्के अपंगत्व असणाऱ्यांसाठी राखाव्या लागतात. लेखी परीक्षेत त्यांना तासामागे किमान २० मिनिटे अधिक मिळावीत, असा केंद्र सरकारचा दंडक आहे. परंतु दंडक कागदावर असणे निराळे आणि परीक्षागृहातील पर्यवेक्षकाला तो ठाऊक असणे निराळे. १२ सप्टेंबर २०२१ रोजी वैद्यकीय प्रवेशपरीक्षेच्या वेळी मुंबईतील एका केंद्रावर हाच अनुभव आला. लेखनदोष असलेल्या एका विद्यार्थिनीला हक्काचा एक तास नाकारण्यात आला आणि इतरांबरोबरच तिचीही उत्तरपत्रिका काढून घेण्यात आली. ती सर्वोच्च न्यायालयात गेली. न्यायालयाने त्याच वर्षी नोव्हेंबरात तिच्यावर अन्याय झाल्याचे मान्य केले आणि तो कसा दूर करता येईल याचा विचार करण्यास परीक्षा घेणाऱ्या संस्थेस सांगितले. फेरपरीक्षा मात्र दिली नाही. तिने मागणी केली नव्हती असे नाही. ऐकणाऱ्यास नियम माहीत नव्हता.

जादा वेळ देणे म्हणजे सवलतीची खैरात, असे काही लोक म्हणतात. हे म्हणणे बरोबर नाही. परीक्षा ज्ञानाची असते. बोटांच्या वेगाची किंवा डोळ्यांच्या तीक्ष्णतेची नव्हे.

येथे शाळेलाही थोडा दोष द्यावा लागतो. माया करणारी शाळा सारे काही न मागताच देते, आणि मग मुलाला आपली गरज सांगण्याची सवयच लागत नाही. सातवी-आठवीपासूनच त्या मुलीने स्वतः उठून म्हणावे, ‘मला येथून फळा दिसत नाही, कृपया वाचून दाखवा.’ असे म्हणताना तिची मान खाली जाऊ नये, एवढे तिच्या वर्गाने पाहावे. मैत्रिणीने हात जरूर द्यावा, पण आधी विचारून.

तथापि सारा भार मुलीवरच टाकणे न्यायाचे होणार नाही. महाविद्यालयात पाऊल टाकताच तिला नाव, जन्मतारीख, पत्ता, इतकेच नव्हे तर पालकांचे उत्पन्नही विचारले जाते. त्याच कागदावर आणखी एक ओळ सहज मावेल : ‘आपणांस शिकण्यासाठी कशाची आवश्यकता आहे?’ आणि ते उत्तर वाचणारा एक माणूस पहिल्या तासापूर्वीच नेमलेला असावा.