विश्लेषण : शेकोटीच्या सरपणातून जंगलाचा घात कसा होतो?

अमेरिकेत सहलीला निघालेली कुटुंबे शेकोटीसाठी घरचे सरपण गाडीत टाकून नेतात. त्यात अ‍ॅश वृक्षाचे ओंडके असतील, तर सोबत एक कीडही प्रवास करत असू शकते. ‘एमराल्ड अ‍ॅश बोरर’ या हिरव्या भुंगेऱ्याने तेथील कोट्यवधी अ‍ॅश वृक्ष मारले आहेत.

झाड मरते कसे?
मूळचा ईशान्य आशियातील हा भुंगेरा अमेरिकेत २००२ मध्ये मिशिगन राज्यातील डेट्रॉइटजवळ आढळला. तो पाने कुरतडतो, पण खरे नुकसान त्याची अळी करते. ती सालीखाली नागमोडी बोगदे पोखरते आणि अन्नरस वाहून नेणारा थर तोडते. काही वर्षांत झाड वाळते. लक्षणे दिसेपर्यंत बहुधा उशीर झालेला असतो.

सरपणाचा संबंध काय?
भुंगेरा स्वतः उडून सहसा काही किलोमीटरच जातो. ओंडक्यात दडलेली अळी मात्र मोटारीतून एका दिवसात शेकडो किलोमीटर जाते. तोडलेल्या लाकडातही तिची वाढ पूर्ण होऊन भुंगेरा बाहेर पडतो. त्यात मेलेल्या झाडांचेच पुन्हा सरपण होते.

निर्बंध का उठले?
अ‍ॅश लाकडाच्या वाहतुकीवरील संघराज्य सरकारचे निर्बंध जानेवारी २०२१ मध्ये उठले. त्यांनी प्रसार थांबला नाही, म्हणून भुंगेऱ्याच्या शत्रू असलेल्या परजीवी गांधीलमाश्या सोडण्यावर भर द्यावा, असे कृषी विभागाचे म्हणणे. हा युक्तिवाद अर्धाच खरा आहे. प्रसार थांबला नाही तरी लांबला, तर बी साठवायला, शहरांतील झाडांवर उपचार करायला आणि पर्यायी झाडे लावायला वेळ मिळतो. २०२२ मध्ये हा भुंगेरा पश्चिमेकडील ओरेगॉनमध्ये सापडला. निर्बंध उठल्यामुळेच तो तेथे पोहोचला, असे म्हणता येणार नाही. पण पहारा सैल करण्याची ही वेळ नव्हती, हे नक्की.

उपाय कोणता?
‘जिथे जाळायचे, तिथेच घ्यायचे’ हा सर्वांत स्वस्त उपाय. नाहीतर गाभ्यापर्यंत ६० अंश सेल्सियसवर तासभर तापवलेलेच लाकूड न्यावे. हे केवळ आवाहनावर सोडून भागणार नाही. तळ ठोकण्याच्या जागांच्या प्रवेशद्वारावरच बाहेरचे सरपण अडवायला हवे. वाबानाकी आणि अनिशिनाबे या मूलनिवासींच्या टोपल्या काळ्या अ‍ॅशच्या पट्ट्यांतून विणल्या जातात. झाड गेले, तर पिढ्यान्‌पिढ्यांची ही कलाही जाईल. एका रात्रीच्या उबेसाठी ही किंमत फार मोठी आहे.