मधला धावपटू



यंदाच्या संपादकीयाचा नायक नायजेरियाचा आहे आणि त्याचं नाव रविवार आहे. संडे बाडा. त्याच्या देशात संडे, फ्रायडे ही नावं सर्रास ठेवतात. हसू येत असेल तर पालघर-डहाणूकडच्या पाड्यांवर एक चक्कर मारून यावी. सोम्या, बुध्या, शुक्र्या तिथेही भेटतील.

बाडा 400 मीटर धावायचा. 1997 साली पॅरिसला झालेल्या जागतिक इनडोअर स्पर्धेत त्याने सुवर्णपदक घेतलं. जागतिक इनडोअर स्पर्धांमधली त्याची एकूण पदकं तीन. पण नायजेरियाचा जीव फुटबॉलमध्ये. 1996 साली अटलांटात लांब उडीत चिओमा अजुन्वाने देशाला पहिलं ऑलिंपिक सुवर्ण मिळवून दिलं आणि दुसऱ्याच दिवशी फुटबॉल संघाने दुसरं. रस्त्यावरच्या पोरांच्या तोंडी नावं राहिली ती फुटबॉल संघातल्या कानू आणि ओकोचाची. क्रिकेटवेड्यांना हे समजावून सांगायला नको.

मग 30 सप्टेंबर 2000. सिडनी, 4 बाय 400 मीटर रिले. सगळ्यांच्या नजरा अमेरिकेच्या मायकेल जॉन्सनवर, कारण ती त्याची शेवटची ऑलिंपिक शर्यत. अमेरिका आरामात जिंकली. मागे जमैकाला गाठून नायजेरियाने रौप्य हिसकावलं, फरक एका सेकंदाच्या दहाव्या भागाचा. ही शेवटची झेप घेणारा एनेफिओक उडो-ओबोंग तेव्हा अवघ्या अठरा वर्षांचा होता. कौतुक त्याचं झालं आणि ते रास्तच. बाडाच्या वाट्याला मधला टप्पा होता. रिलेत मधल्यांचं असंच असतं. बॅटन नीट दिली-घेतली तर कुणाच्या ध्यानात राहत नाही. पडली, तर मात्र जन्मभर.

2008 साली अमेरिकेच्या चमूतल्या अँटोनियो पेटिग्रूने न्यायालयात उत्तेजकं घेतल्याची कबुली दिली. जॉन्सनने आपलं पदक स्वतःहून परत केलं. अमेरिकेचं सुवर्ण काढून घेण्यात आलं. ते नायजेरियाला देण्याचा निर्णय मात्र व्हायला जुलै 2012 उजाडलं. चार वर्षं! चारशे मीटरचा हिशेब सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत ठेवणाऱ्या जगाला एक कागद हलवायला इतका वेळ लागला, याचा मला आजही राग येतो.

बाडा 12 डिसेंबर 2011 रोजी गेला, बेचाळिसाव्या वर्षी. आपण ऑलिंपिक विजेते ठरलो, हे त्याला कळलंच नाही. फक्त प्राथमिक फेरीत धावलेल्या न्डुका अवाझी आणि फिडेलिस गाडझामा यांचंही पदक सोन्याचं झालं. ही दोन नावं मुद्दाम छापतो आहे.

दिवाळी अंकाच्या कचेरीतही अशी माणसं असतात. मुखपृष्ठावर लेखकांची नावं येतात, संपादकाला निदान हे एक पान मिळतं. रात्री दोनला मुद्रितं तपासताना ऱ्हस्व-दीर्घावरून माझ्याशी भांडणारे मात्र श्रेयनामावलीतल्या बारीक टाइपात जातात. यंदा तो टाइप आम्ही दोन पॉइंट मोठा केला आहे.

वाचून झाल्यावर अंक कपाटात ठेवू नका. शेजारी द्या, वाचनालयात द्या, पण पुढच्या हातात जाऊ द्या.



– संपादक